कोरडी ओळ

१२ जुलै, शनिवार

डॉक्टरांनी माझा गुडघा बदलला आणि चिरंजीवांनी माझी जागा. जिना चढायचा-उतरायचा नाही, असं एकानं बजावलं. ते निमित्त धरून दुसऱ्यानं खालच्या दुकानातली माझी गादी पटकावली. "अप्पा, आता तुमी निवांत बसा," म्हणाला शिवशरण. निवांत बसणं हे काय काम आहे? जन्मभर कापड दाखवलं, फाडलं, घडी घातली. राजारामपुरीत कुणाच्या लग्नाचा बस्ता कुणी बांधला हे मी अजून तोंडपाठ सांगेन. पण निवांत कसं बसायचं ते मला कुणी शिकवलंच नाही.

म्हणून ही डायरी. आणि आज तर कामही मिळालं.

शिवशरणची सौंदर्या बारावीला आहे. तिच्या शाळेनं यंदा नवीन टूम काढली आहे. बारावीच्या प्रत्येकानं आपला आपण एक प्रश्न शोधायचा, त्याचा पिच्छा पुरवायचा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बाहेरच्या पाहुण्यांसमोर उभं राहून उत्तर मांडायचं. वर्षप्रकल्प म्हणतात त्याला. वर्ष दिवाळीलाच कसं संपतं, तर पुढे बोर्डाची परीक्षा असते म्हणून. पोरीनं भात निवडलं. पावसानं मध्येच दडी मारली तर कुठलं भात तग धरतं, हा तिचा प्रश्न.

तिला शेतकी कॉलेजला जायचं आहे. शिवशरणला ती बी.कॉम. करून गादीवर बसायला हवी आहे. आज जेवताना त्यानं फर्मान काढलं, "प्रकल्प झकास झाला, बाहेरच्या माणसांनी मान डोलावली, तर शेतकीचं बघू. न्हायतर खाली दुकान हायच."

सौंदर्या पानातली भाकरी तेवढी कुस्करत बसली. मला फार वाईट वाटलं. जेवण झाल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अज्जा, मी दिवसभर शाळा आणि क्लासला. तुमी घरात असता. माझ्या भाताची राखण करशीला?"

मला शालजोडी पांघरल्यागत झालं.

२० जुलै, रविवार

गॅलरी पार बदलून गेली. रंगाचे रिकामे डबे आणून पोरीनं त्यांत माती भरली. तीन जातींचं भात आहे. दोन बाजारातली, आणि एक शाहूवाडीच्या डोंगरातलं तांबडं. ते पिराजीनं दिलं. पिराजी आमचं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या घरातली सगळी लग्नं आमच्याच कापडात झाली. प्रत्येक जातीचे दोन डबे. एक ओळ पुढे ओली ठेवायची, एक कोरडी. सध्या सगळ्यांना सारखंच पाणी. गॅलरीवर छत आहे, पाऊस आत येत नाही.

जागा पुरेना म्हणून माझी बेलाची कुंडी गच्चीत गेली. एक डबा तरीही उरलाच, कोरड्या ओळीतला तांबड्याचा. तो दाराजवळ स्टुलावर ठेवला.

बेल गेला आणि मला पेच पडला. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की तांब्यातलं पाणी बेलाच्या बुंध्याशी घालायचं, ही माझी कायमची रीत. ते मोरीत ओतायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, ही आईची शिकवण. बायको, बसव्वा, आपलं पूजेचं पाणी मागच्या दारी जास्वंदीला घालते. पण ती खाली उतरू शकते. माझा बेल वर, मी इथे आणि मध्ये जिना. शेवटी स्टुलावरच्या डब्यात घातलं. झाड ते झाड. वाकावंही लागत नाही. चांगली सोय झाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजपासून कोरडी ओळ सुरू. पोरीनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "या तीन डब्यांना थेंबभर पण पाणी घालायचं न्हाय. कितीबी सुकू देत. दया दाखवायची न्हाय. अज्जी, तुला पण सांगालोय."

बसव्वा म्हणाली, "मला कशाला सांगतीस? मी त्या गॅलरीत फिरकत बी न्हाय. तुझ्या अज्जाला सांग."

मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला. पोरगी हसली. तिला ते जरा जास्तच वाटलं असेल, पण आमच्या धंद्यात शब्दाला किंमत होती.

शब्द देऊन तास झाला नाही तोच भांडीवाल्या चिमणाबाईनं गॅलरीत ओलं फडकं झटकलं. मी खुर्चीतून असा ओरडलो की खालून दुकानातला माणूस वर आला. चिमणाबाई म्हणाली, "दोन थेंबांनी काय भात पिकतंय व्हय?" मी तिला प्रयोग म्हणजे काय असतो ते समजावून सांगितलं. एवढी वर्षं इथे काम करते पण इतकं लक्ष देऊन तिनं माझं कधी ऐकलं नव्हतं.

पहारा चोख ठेवायचा असं ठरवलं आहे. सकाळी पूजा, नेहमीच्या जागी पाणी, नंतर चहा आणि मग दिवसभर खुर्ची गॅलरीच्या दारात.

२४ ऑगस्ट, रविवार

बाजारातली दोन्ही भातं पिवळी पडली. पानं गुंडाळून सुईसारखी झाली आहेत. माझा जीव तुटतो. काल हात पाण्याच्या मगापर्यंत गेला होता. मागे घेतला.

पण पिराजीचं तांबडं! ते तसंच हिरवंगार उभं आहे. थेंब नाही पाण्याचा आणि पठ्ठ्या डुलतोय. सौंदर्या सकाळ-संध्याकाळ त्याचे फोटो काढते. आज तिनं मला मिठी मारली. दहावीनंतर पहिल्यांदाच.

३० ऑगस्ट, शनिवार

तिच्या राजनंदिनी मॅडम घरी आल्या होत्या. गणपतीचे दिवस, त्यामुळे बाई सगळ्या विद्यार्थ्यांकडे दर्शनाला आणि प्रकल्पाला असं एकाच फेरीत उरकत होत्या. वयानं लहान आहेत पण पक्क्या. तांबड्याच्या डब्यातली माती बोटानं उकरून बघितली.

"माती जरा ओलसर लागते," म्हणाल्या.

मी म्हटलं, "सकाळचं दव असंल. मी स्वतः राखणीला हाय. चिमणाबाईच्या फडक्याचा थेंब पडू दिला न्हाय."

"आजोबा, नक्की ना? कुणीच पाणी घातलं नाही?"

"कुण्णी न्हाय. गळ्यातल्या लिंगाची शप्पथ."

त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, असं असेल तर हे साधं नाही. उत्तर मांडायच्या दिवशी शेतकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार आहेत, त्यांना आधीच कळवून ठेवते. त्या गेल्यावर सौंदर्या घरभर नाचली. शिवशरणनं वरवर तोंड वाकडं केलं, पण खाली जाऊन त्यानं ती बातमी तीन गिऱ्हाइकांना सांगितली. मला जिन्यातून ऐकू आलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

निपाणीहून आलो. धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. तिनं आग्रह करून ठेवून घेतलं. दारात गाडी, दारात घर, जिना उतरायचं एकदाच काय ते दिव्य. तिकडे सगळी कन्नडमध्ये बोलतात, मला दोन दिवसांनी आपलं मराठी आठवावं लागतं. पूजेचं पाणी तिच्या कर्दळीला घालत होतो. जेवणं जड झाली.

घरी येऊन बघतो तर सौंदर्याचा चेहरा उतरलेला. तांबडं भातही मान टाकून बसलेलं. "अज्जा, तुमी गेलासा आणि ह्येनं पण नांगी टाकली," म्हणाली. रडकुंडीला आली होती.

मी डब्याजवळ उभा राहिलो. पानांवरून हात फिरवला. झाडांनाही माणसाची सवय होते, माया लागते. आपल्यामागे कुणी इतकं सुकावं, म्हणजे म्हातारपणी बरं वाटतं. कबूल करायला लाज कसली?

१० सप्टेंबर, बुधवार

चमत्कारच म्हणायचा! सकाळी पूजा आटोपली, नेहमीच्या जागी पाणी घातलं, डब्याशी दोन शब्द बोललो. संध्याकाळी पोरगी क्लासहून आली तर भात ताठ उभं. तिनं लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणतात, सुकून परत उठणं ही तर तग धरण्याहून मोठी गोष्ट.

माझ्या हातगुणाबद्दल मी काही बोललो नाही. विज्ञानात ते बसत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पिराजी आला होता. सोबत घरच्या काकड्या. सौंदर्यानं फोनवर कळवलं होतं म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आला. डब्यापुढे उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"आमच्या रानात तर ह्येला पाणी लागतंय की," म्हणाला.

सौंदर्या म्हणाली, "काका, तिथं तुमी कधी पाणी तोडून बघितलंय व्हय? भरपूर पाऊस पडतोय म्हणून पितंय ते."

पिराजीला ते पटलं. मग हसून म्हणाला, "आमचा वरचा माळ हाय, तिथं पाणी चढत न्हाय. गवतच वाढतंय. पुढल्या साली समदं तांबडंच पेरतो तिथं. नात सांगती म्हंजे शास्त्राचंच की, पावणं!"

तो गेल्यावर पोरगी म्हणाली, "अज्जा, खरंच कुणाच्या तरी उपयोगाला आलं." तिचा तो चेहरा बघायला माझी आई हवी होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज बसव्वा गॅलरीत आली. पापड वाळत घालायचे होते. मी पूजा करून तांब्या घेऊन आलो आणि रोजच्यासारखं पाणी घातलं.

"अहो, ह्ये काय करालासा?"

"काय करतोय? पूजेचं पाणी हाय."

"त्या डब्यात?"

"मग कुठं? बेल वर हाय."

"कवापास्नं घालतासा?"

"बेल वर गेल्यापास्नं."

तिनं पापडाची परात खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आणि पोरीला सांगितलासा, थेंब न्हाय म्हणून?"

"पाणी नव्हंच ते. पूजेचं—"

"पूजेचं म्हंजे पाणीच की हो!"

खुर्चीत बसलो. तिनं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती पापड न घालताच आत गेली. मी त्या हिरव्यागार भाताकडे बघत बसलो. निपाणीचे दिवस आठवले, मॅडमचं बोट आठवलं. चिमणाबाईवर ओरडलो होतो तेही आठवलं. माझा तांब्या चांगला मोठा आहे. काठोकाठ भरतो मी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज पूजेचं पाणी घेऊन घरभर फिरलो. शेवटी बसव्वा पुढे आली आणि तांब्या घेऊन खाली गेली.

काल दिवसभर मनाशी एक हिशेब चालला. बोललोच नाही तर काय बिघडतं? बसव्वा तोंड उघडणार नाही. उत्तर मांडायला तीनच आठवडे राहिलेत. मी पाणी थांबवलं तर भात मरेल आणि ते का मेलं हे पोरीला कळणारही नाही. मग चालू ठेवायचं? समजूनउमजून? पाहुणे खूश होतील, शिवशरण खूश होईल, पोरगी शेतकीला जाईल. तिथे गेल्यावर कोण विचारतंय रंगाच्या डब्याला?

मग तो वरचा माळ डोळ्यांसमोर आला. पिराजी उद्या सगळं बी तिथे टाकेल, आमच्या नातीच्या शब्दावर. आणि पुन्हा कधी आमच्या दुकानात आला तर मी त्याला कुठल्या तोंडानं कापड दाखवू?

तरी आज बोललो नाही. धीर झाला नाही. भ्यालो, दुसरं काय!

२१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. दुपारी, ती गॅलरीत पानं मोजत बसली होती तेव्हा.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं. ती म्हणाली, "अज्जा, तुमी मॅडमसमोर शप्पथ घेतलीसा."

मी म्हटलं, "खोटं बोललो न्हाय गं. मला ते पाणी वाटलंच न्हाय."

"मग काय वाटलं?"

याला उत्तर होतं, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. ती उठून आत गेली. मी दाराआडून ऐकलं. मला वाटलं मॅडमना फोन लावते आहे. पण पहिला फोन पिराजीला होता. "काका, वरच्या माळावर तांबडं पेरू नका. माझं चुकलं. त्याला पाणी मिळत होतं." माझं चुकलं म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. त्यानंतर रडली.

२७ सप्टेंबर, शनिवार

पोरगी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते. पाव्हण्यासारखी.

आज आपण होऊन एवढंच बोलली, "तुमचा तांब्या पायजे." दिला. शाळेतून आणलेल्या मोजपात्रात भरून बघितला, लिहून घेतलं, परत आणून देवघरात जागेवर ठेवला. तांबडं भात आता खरंच वाळत आहे. तिनं ते तसंच वाळू दिलं. मी गॅलरीतली खुर्ची आत घेतली.

११ ऑक्टोबर, शनिवार

शाळेत गेलो होतो. शिवशरणनं धरून जिना उतरवला, पुढे रिक्षा. सभागृह भरलेलं. एका पोरानं पंचगंगेच्या पाण्याचं काहीतरी दाखवलं, टाळ्या कडाडल्या. दुसऱ्यानं यंत्र आणलं होतं, ते चालू झालं नाही.

मग सौंदर्या. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझा प्रयोग फसला."

माझ्या शेजारी बसव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चांगल्या गुडघ्यावर.

पोरगी पुढे बोलत होती. तिसऱ्या डब्याला रोज तांब्याभर पाणी मिळत होतं. त्यामुळे तांबडं भात वाचलं, जातीमुळे नाही. पडद्यावर तिनं माझ्या तांब्याचा फोटो दाखवला. आणि निपाणीच्या दिवसांत ते भात कसं सुकलं, हेच खरं तर तिला तेव्हाच कळायला हवं होतं, असंही म्हणाली. प्राध्यापकांनी विचारलं, "पाणी कोण घालत होतं?"

ती म्हणाली, "ते महत्त्वाचं न्हाय, सर. आमच्या घरात पाणी कुठनं कुठं जातंय हे मी बघायला पायजे होतं. मी फक्त नळाचं पाणी धरलं."

मला उठून सांगावंसं वाटलं, मी घातलं. पण कुठल्याशा कारणानं उठवेना, आणि ते कारण गुडघा नव्हतं. तिनं मला झाकलं होतं. त्या झाकण्यातून आपण बाहेर येऊन तिचं बोलणं मोडू नये, असं वाटलं.

"मग आता पुढे काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"उन्हाळ्यात परत पेरणार. बोर्डाची परीक्षा झाली की."

"आता तर गुण मिळायचे नाहीत."

"न्हाय मिळालं तर न्हाय."

प्राध्यापकांनी मान डोलावली का, ते मला नीट दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं. बक्षीस पंचगंगेला गेलं. राजनंदिनी मॅडमनी मला वाकून नमस्कार केला.

१२ ऑक्टोबर, रविवार

जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शिवशरणनं आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "कापडाचा रंग जातोय म्हणून पोरीनं आपणच सांगितलं. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी. आमच्या धंद्यात असली माणसं टिकत्यात." पुढे म्हणाला, "पर तिला धंदा करायचा न्हाय. मग शेतकीला जाऊ दे."

सौंदर्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"एकच अट. तिथं गेल्यावर अप्पांना शेताजवळ फिरकू द्यायचं न्हाय."

बसव्वा हसून हसून लाल झाली. मीही हसलो. सौंदर्या हसली, पण बापाकडे बघून. माझ्याकडे बघितलं नाही. मी दोन घास कमी जेवलो. तिचं सगळं भलं झालं, आणि तरी मला तिची एक नजर हवी होती. म्हातारा माणूस फार हावरट असतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गॅलरी रिकामी झाली. डबे धुऊन पालथे घातलेत, उन्हाळ्यासाठी. बेल मात्र वरच आहे. कुणी खाली आणला नाही आणि मीही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात हळूहळू जिना चढायला हरकत नाही. बसव्वाला रोज माझं पाणी घेऊन खाली पाठवणं बरं नव्हे.

आज पूजा झाल्यावर तांब्या घेतला आणि गच्चीच्या जिन्याला लागलो. एका हातात कठडा, एका हातात तांब्या. पाच-सहा पायऱ्यांत दम लागला. खाली परतावं की काय, असं मनात आलं. तेवढ्यात जिन्याचं वळण आलं. तिथे स्टूल ठेवलेलं होतं.

गॅलरीतलंच. वर डब्याच्या बुडाचा गोल डाग तसाच होता. पुसून स्वच्छ केलं होतं, पण तो डाग काही जायचा नाही. भिंतीला टेकवून, डुगडुगू नये म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती.

घरात सगळ्यांना हाक मारून विचारता आलं असतं. नाही विचारलं. सौंदर्या सकाळीच क्लासला गेली होती.

बसलो. तांब्या मांडीवर धरला. डोळे भरून आले, ते येऊ दिले. बऱ्याच वेळानं उठलो आणि उरलेल्या पायऱ्या चढून बेलाला पाणी घातलं.